व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजात कसं सांभाळून घ्यावं?

पाटीपुस्तक
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. तिसऱ्या वर्षाचा एक वर्ग माझ्याकडे आहे. त्यातला एक मुलगा ३५ दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून सोमवारी परत आला. दारू आणि गांजा, दोन्ही होतं. गेला तेव्हा बोटं इतकी थरथरायची की सही करताना डाव्या हाताने उजवं मनगट धरायचा. आता चेहरा भरलाय. वडील त्याला डिपार्टमेंटला घेऊन आले, मला हात जोडले आणि एसटी चुकेल म्हणून तसेच मागे फिरले. हा पाठीला सॅक आणि काखेत गादीची वळकटी घेऊन उभा. म्हणाला, "मॅडम, मी आता कुठे बसू?"

खोलीबद्दल विचारत होता, पण मला काही सुचेना.

वरून सांगितलंय की "पुन्हा व्यसन करणार नाही, केल्यास कॉलेज सोडेन" असं हमीपत्र वडिलांच्या सहीने स्टँपपेपरवर घ्या. रेक्टर म्हणतात जुनी खोली देणार नाही, जुने पार्टनर वाईट. नव्या खोलीतल्या मुलांना कारण सांगायचं की नाही, हाही घोळ आहे. हजेरी कमी भरते, इन-सेम (सत्राच्या मधली परीक्षा) बुडालीच. म्हणजे टर्म ग्रँट न होण्याची, सत्रपरीक्षेलाच बसू न देण्याची, टांगती तलवार वेगळीच.

मला त्याची पोलीस व्हायचं नाही. पण "काही लागलं तर सांग हं" एवढं बोलून केबिनमध्येही बसवत नाही. अनुभव असेल तर लिहा.

चहाबाज
महत्त्वाचा विषय. वाचतोय.

घाटमाथा
मॅडम, मुलगा ओळखू येईल असे तपशील बदललेत ना? इथे त्याच्या वर्गातलेही असू शकतात.

पाटीपुस्तक
हो, ओळख पटेल असं सगळं बदललंय. आणि त्याला विचारूनच लिहिलंय. "लिहा, फक्त हुशार होता वगैरे लिहू नका" म्हणाला.

रोखठोक_५६
राग मानू नका, पण हे सगळे लाड आहेत. आमच्या वेळी असल्या पोराला बापाने दोन कानाखाली दिल्या की विषय संपायचा. इच्छाशक्ती पाहिजे, बाकी काही नाही. ज्यांना शिकायचंय त्यांच्या होस्टेलच्या जागा अडवून ठेवायच्या आणि वर यांनाच सांभाळून घ्यायचं?

कोरडा_ठाक
रोखठोक, माझ्याही बापाने दिल्या होत्या. दोनावर भागलं नाही, मोजायचं मात्र राहून गेलं. पिणं काही थांबलं नाही. घरी जाणं थांबलं.

मॅडम, सविस्तर लिहितो. रात्री, जेवण झाल्यावर.

मावळतीची_मीना
मी दुसऱ्या बाजूने बोलते. माझा मुलगा अशाच एका होस्टेलला आहे, पहिल्या वर्षाला. उद्या त्याच्या खोलीत असा मुलगा टाकला तर मला आधी कळायला हवं असं मला वाटेल. वाईट दिसत असेल, पण खरं तेच लिहितेय. त्या मुलाबद्दल तिटकारा नाही हो. फक्त अठरा वर्षांच्या पोराच्या गळ्यात ही जबाबदारी कुणी बांधू नये.

सनदी_वकील
मीनाताई, तुमची काळजी रास्त आहे. पण सांगायचं की नाही हे त्या मुलाने ठरवायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. उपचारांची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. हे बंधन प्रामुख्याने उपचार करणाऱ्यांवर आहे हे मान्य, पण म्हणून रेक्टरने मेसमध्ये चर्चा करावी असं थोडंच आहे?

हमीपत्राबद्दल मॅडम, ते घेऊच नका. कायद्याचं सोडा, व्यवहार बघा. "पुन्हा प्यायलास तर बाहेर" असं लिहून घेतलं की तो एकदा घसरला तरी कुणाला सांगणार नाही. लपवेल, आणि लपवायला लागला की पुढचं तुम्हाला कळणार थेट ॲम्ब्युलन्स आल्यावर. काही लिहूनच घ्यायचं असेल तर उलटं घ्या: "घसरलो तर चोवीस तासांत अमुक व्यक्तीला सांगेन." आणि त्याखाली कॉलेजनेही सही करायची की स्वतःहून सांगितलं म्हणून शिक्षा होणार नाही.

चहाबाज
कॉलेज स्टँपपेपरवर सही करणार? वकीलसाहेब, आपण कोणत्या राज्यात राहता?

सनदी_वकील
ज्या राज्यात दारू पिण्याच्या परवान्यावर "आरोग्य राखण्यासाठी" असं लिहिलेलं असतं, त्याच.

घाटमाथा
हा हा! आणि पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय तीव्र दारू घ्यायची नाही, हाही त्याच राज्याचा नियम. कॉलेजच्या मागच्या बारमध्ये पंचविशीच्या वरचा माणूस म्हणजे फक्त वेटर.

तंबाखूचा_मळा
शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही हा २००३ चा कायदा. आमच्या गेटपासून टपरी मी पावलांनी मोजली होती. बावीस पावलं. आणि गिऱ्हाइकांत निम्मे प्राध्यापक.

पाटीपुस्तक
मंडळी, गाडी रुळावर आणा बरं.

मेंदूचा_मेकॅनिक
मानसोपचार हा माझा व्यवसाय आहे, पण न तपासलेल्या मुलाबद्दल सल्ला देणार नाही. चार सर्वसाधारण गोष्टी सांगतो.

पस्तीस दिवसांत व्यसन थांबतं, संपत नाही. पहिले काही महिने सगळ्यात निसरडे. गांजा सोडल्यावर चिडचिड, झोप न लागणं, विचित्र स्वप्नं हे काही आठवडे चालतं, आणि पहिल्या तासाला पेंगणारा मुलगा "परत सुरू केलं वाटतं" म्हणून पकडला जातो. तेव्हा लाल डोळ्यांवरून निकाल लावू नका.

औषधं चालू असतील तर ती डॉक्टर आणि तो बघतील. तुम्ही फक्त फॉलोअपच्या दिवशी त्याचं प्रॅक्टिकल आडवं येत नाही ना एवढं बघा. हे फार किरकोळ वाटतं, पण सबमिशनपायी फॉलोअप बुडाला आणि औषध सुटलं, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पेशंटलाच आधी टाइमटेबल मागतो.

आणि एक कळकळीने. "न सांगता जेवणात मिसळा, दारू सुटेल" अशा पावडरींच्या जाहिराती येतात. घरचे मागवतात. त्यात काय आहे कुणास ठाऊक. डायसल्फिरामसारखं, दारू सोडवण्यासाठी देतात ते औषध शरीरात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. ते घेणाऱ्याला काही कफ सिरपसुद्धा चालत नाहीत, कारण त्यात अल्कोहोल असतं.

ब्राऊन शुगर किंवा तत्सम अफूजन्य पदार्थांतून बाहेर आलेल्या मुलाचं आणखी वेगळं. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सवय मोडते. मग घसरल्यावर तो जुनंच माप घेतो आणि तेवढ्याने जीव जाऊ शकतो. अशा मुलाच्या बाबतीत लपवाछपवी परवडतच नाही. म्हणून वकीलसाहेबांच्या चोवीस तासांच्या कलमाला माझं अनुमोदन.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनांसाठीचा १४४४६ हे दोन्ही क्रमांक होस्टेलच्या नोटीस बोर्डवर लावा. मेसच्या मेनूशेजारी लावा, तो तरी सगळे वाचतात.

कोरडा_ठाक
आता बसलो निवांत.

मी मेकॅनिकल, तिसरं वर्ष, २००८. सकाळच्या ओरलच्या आधी क्वार्टर लागायची. वायडी लागली, म्हणजे वर्ष बुडालं, घरी कळलं, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात भरती झालो. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं तेव्हा ब्राऊन शुगरची, म्हणजे गर्दची, साथच आली होती आणि सुरुवातीला पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदत केली, हे तिथेच कळलं. तिथल्या पस्तीस दिवसांबद्दल लिहीत नाही. तिथे सोपं असतं. सकाळी उठवतात, प्राणायाम, गटात बोलणं, कामं, रात्री झोप. दिवसाला कडा असतात.

अवघड असतं परत आल्यावर. जुनी गॅंग वाईट नव्हती, उलट फार चांगली वागली. मी खोलीत शिरलो की ग्लास पलंगाखाली जायचे आणि सगळे एकदम क्रिकेटवर बोलायला लागायचे. दोन आठवड्यांनी मला चहालाही कुणी हाक मारेना. त्यांना वाटायचं याला त्रास नको. ज्यांच्याबरोबर पीत होतो ते गेले, आणि जे पीत नव्हते ते मला पहिल्या वर्षापासून घाबरून होते. मग उरलं कोण?

संध्याकाळी सात ते नऊ, मॅडम. ते दोन तास लिहून ठेवा. लेक्चर संपलेली, मेस उघडायची, अभ्यासात मन लागत नाही आणि शरीराला सात वाजलेले बरोबर कळतात.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक इन्स्ट्रक्टर होते. त्यांना माझ्याबद्दल माहीत असणार, पण कधी चकार शब्द काढला नाही. एक दिवस म्हणाले, "टूलरूमचा पार बट्ट्याबोळ झालाय, संध्याकाळी येत जा जरा." एका पत्र्याच्या ट्रेमध्ये ड्रिल बिट नुसते ओतलेले. ते रॉकेलमध्ये धुवायचे, फडक्याने पुसायचे, व्हर्नियरने माप घ्यायचं आणि लाकडी ठोकळ्यातल्या त्या-त्या भोकात उभे करायचे. एक मिलिमीटरपासून तेरापर्यंत, अर्ध्या-अर्ध्याने. ते समोर बसून पेपर वाचायचे. नऊला कुलूप लावायचे आणि "चल, मेस बंद होईल" म्हणायचे. दोन महिने हेच. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की दिवसा कुणीतरी ते बिट परत ट्रेमध्ये ओतत होतं.

चहाबाज
....

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

काचेची_बरणी
सगळे "मुलगा मुलगा" म्हणतायत म्हणून लिहिते. मी आर्किटेक्चरला होते. सबमिशनच्या जागरणांनंतर झोप येईना म्हणून गोळ्या सुरू झाल्या, आधी चिठ्ठीवर, मग चिठ्ठीशिवाय. शेवटी सकाळी उठायलाही गोळी लागायची. उपचार झाले. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, मी दुसरीकडे होते.

घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं, मुलीला कावीळ झाली होती. झालं! परत आल्यावर मैत्रिणी रोज उसाचा रस आणायच्या. एक काकू गावठी औषधाचे थेंब घेऊन होस्टेलवर आल्या. प्रोफेसर विचारायचे, "बिलिरुबिन किती आता?" मी आकडे पाठ करून ठेवले होते, दर आठवड्याला थोडे उतरवायचे. डोक्यात सतत हिशेब, कुणाला काय सांगितलंय. दारू पिणाऱ्या मुलाची निदान "बिचारा बिघडला" अशी तरी चर्चा होते. माझी ती सोय नव्हती.

खरं फक्त एका मैत्रिणीला माहीत होतं. तिने काही केलं नाही, माझ्या टेबलाशेजारी ड्राफ्टिंग टेबल लावलं आणि रात्री दीडला स्वतःचा दिवा घालवून म्हणायची, "मी झोपते, तू पण झोप. शीट उद्या." मॅडम, त्या मुलाला विचारा, खरं कुणाला माहीत असलेलं चालेल. वर्गाला सांगायची गरज नाही, पण एकालाही ठाऊक नसेल तर वेड लागतं.

रोखठोक_५६
ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण प्रश्न राहतोच, एकासाठी कॉलेजने किती करायचं?

न्यूजर्सीकर
इथलं सांगते. रटगर्स विद्यापीठाने १९८८ मध्ये व्यसनातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसवरच वेगळी राहायची सोय केली. अमेरिकेत अशी सोय करणाऱ्या पहिल्यांपैकी. टेक्सास टेकचा कार्यक्रम १९८६ चा, म्हणजे मुक्तांगणच्याच वयाचा. आता अशा कार्यक्रमांना "कलीजिएट रिकव्हरी" म्हणतात आणि बऱ्याच विद्यापीठांत ते आहेत. राहायची जागा, समुपदेशक, कॅम्पसवरच एए-एनएच्या (दारू आणि ड्रग्ज सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटांच्या) बैठका, आणि मुख्य म्हणजे बाकीच्या पोरांसारखी मजा, फक्त दारू सोडून. इथे फुटबॉलच्या शनिवारी सकाळपासून पार्किंगमध्ये पिणं चालतं. त्या दिवशी ही मुलं मुद्दाम एकत्र जमतात. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमत वाटली होती, "न पिणाऱ्यांची पार्टी" म्हणून. ज्याच्यासाठी असते त्याला ती गंमत नसते.

तंबाखूचा_मळा
तिकडे पैसा आहे हो. इथे होस्टेलच्या नळाला पाणी नाही.

न्यूजर्सीकर
कॉलेजात शनिवारी संध्याकाळी एक रिकामी वर्गखोली आणि किल्ली असलेला एक माणूस मिळणार नाही का? कोरडा_ठाक यांच्या इन्स्ट्रक्टरना किती बजेट मंजूर झालं होतं?

तंबाखूचा_मळा
रॉकेलचे पैसे झाले असतील. मान्य.

सनदी_वकील
रोखठोक, किती करायचं ते कायद्यानेसुद्धा थोडं सांगून ठेवलंय. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा, कडक म्हणूनच ओळखला जातो. त्यातही कलम ६४-अ आहे: थोड्या प्रमाणातल्या पदार्थाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. सरकार जर एवढी वाट बघू शकतं तर कॉलेजने एक सेमिस्टर बघावी.

मावळतीची_मीना
काल रात्री मुलाला फोन करून विचारलं, "तुझ्या खोलीत असा कुणी आला तर?" तो म्हणाला, "आई, आमच्या मजल्यावर आत्ता चार जण पितात, त्यांच्याबद्दल तू कधी विचारलं नाहीस. हा तर सोडून आलाय."

मी माझं वरचं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. पण थोडं घेते.

घाटमाथा
मीनाताई, आता खरी झोप उडाली असेल तुमची. :)

मावळतीची_मीना
चार जण कोण ते सांगत नाहीये मेला.

कोरडा_ठाक
एक राहिलं. कृपा करून त्याला २६ जूनला स्टेजवर चढवू नका. अमली पदार्थविरोधी दिन आला की कॉलेजला कवटीचं पोस्टर, रॅली आणि एक "सुधारलेला" लागतो. मला सहा महिने झाले होते तेव्हा बोलायला लावलं. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. त्यानंतर मी घसरणं शक्यच नव्हतं, कारण सगळं कॉलेज बघत होतं. म्हणून घसरलो तेव्हा बाहेरगावी जाऊन घसरलो.

आणि कधी घसरलो? नापास झालो तेव्हा नाही. सगळे विषय सुटले त्या संध्याकाळी. दुःखाच्या दिवशी सगळे लक्ष ठेवून असतात, आनंदाच्या दिवशी कुणीच नसतं. तीन दिवस प्यायलो. चौथ्या दिवशी एएमधल्या माझ्या स्पॉन्सरना, म्हणजे आधीच दारू सोडलेल्या माझ्या मार्गदर्शकांना, फोन केला. वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, "जेवलास का?" तो २००९ चा ऑगस्ट. त्यानंतर आजपर्यंत नाही. आजचं आज, उद्याचं उद्या बघू.

रोखठोक_५६
कोरडा_ठाक, तुमच्या वडिलांशी आता कसं आहे?

कोरडा_ठाक
माझ्याकडेच असतात. रोज संध्याकाळी सातला न चुकता विचारतात, "चहा टाकतोस का?" मोठा कडक माणूस, पण चहा दोनदा होतो.

पाटीपुस्तक
सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहितेय, मध्ये सबमिशन होतं.

हमीपत्राचं थोडंफार जमलं. वरिष्ठांना स्टँपपेपर हवाच होता, म्हणून स्टँपपेपर राहिला आणि मजकूर बदलला. चोवीस तासांचं कलम आलं. कॉलेजची सही नाही आली, माझी आली. चहाबाज, तुम्ही जिंकलात.

हजेरीसाठी केंद्राचं पत्र जोडलं. त्यावर निदान न लिहिता "वैद्यकीय उपचार" एवढंच लिहून मिळालं. इन-सेमचा निर्णय लटकलाय. डॉक्टरांच्या सांगण्यावरून फॉलोअपचा वार विचारला. बुधवार, आणि बुधवारी दुपारी माझंच प्रॅक्टिकल! त्याची बॅच बदलली.

खोलीबद्दल त्यालाच विचारलं. त्याने दुसऱ्या वर्षातल्या, गावाकडच्या एका मुलाचं नाव घेतलं. त्याला स्वतःच सगळं सांगितलं. तो म्हणाला म्हणे, "मला रात्री घोरायची सवय आहे, तुझी तयारी आहे का?"

शनिवारची खोली अजून झालेली नाही. किल्ली शिपाईमामांकडे असते आणि ते पाचला जातात. बघते.

काल त्याला विचारलं, अजून काय करू? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, पुढच्या महिन्यात गॅदरिंग आहे. त्या रात्री मला काहीतरी काम द्या. जेवणाची कुपनं फाडायचं दिलं तरी चालेल."

चहाबाज
कुपनं फाडणारा सगळ्यात मोठा माणूस असतो गॅदरिंगला. दोन गुलाबजाम जास्त मिळतात.

काचेची_बरणी
आणि कुणी विचारलं "तू का पीत नाहीस" तर सांगायला एक कारण आहे माझ्याकडे, वापरून झालेलं. कावीळ.

कोरडा_ठाक
मॅडम, कुपनं साडेनऊ-दहाला संपतात. डीजे त्यानंतर सुरू होतो आणि गाड्यांच्या डिक्क्याही त्यानंतरच उघडतात. दहा ते दोनचं काय ते आत्ताच ठरवा. टेबलं मोजायची, खुर्च्या रचायच्या, मंडपवाल्याचा हिशेब, काहीही. तारीख कळवा. मी साताऱ्यात असतो, त्याला हवं असेल तर त्या रात्री फोन चालू ठेवतो.